सागाच्या खोडातले पावसाळे

आमच्या बांधावरचा साग वडिलांनी १९७३च्या पावसाळ्यात लावला. २०१९च्या उन्हाळ्यात तो पाडावा लागला. बुंध्यावरची वलये मोजली, तर भरली ४८! पावसाळे झाले होते ४६.

‘एक वलय, एक वर्ष’ हे आपण शाळेत पाठ केलेले. थंड प्रदेशात ते बहुतांशी खरे, कारण हिवाळा वाढ थांबवतो. आपल्याकडे ते काम कोरडे महिने करतात. पानगळ झाली की सागाच्या सालीखालचा जिवंत पेशींचा पातळ थर निजतो. ओल मिळताच जागा होऊन आधी रुंद वाहिन्यांचे लाकूड घालतो, मग बारीक वाहिन्यांचे, घट्ट. सागात ही सीमा नुसत्या डोळ्यांना दिसते. आंब्यात शोधत बसावे लागते.

पण वळीव पडून मृग कोरडा गेला, तर वाढ मध्येच अडते आणि खोटे वलय उमटते. त्याची कड पुसट असते. म्हणूनच अभ्यासक एका झाडावर विसंबत नाहीत, अनेक खोडांची अरुंद-रुंद वलये ताडून पाहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागांवरून अशी ५२३ वर्षांची मालिका बांधली. तिच्यातली अनेक अरुंद वलये एल निनोच्या दुष्काळी वर्षांशी जुळतात.

माझी दोन खोटी वलये भिंगाखाली सापडली, दोन्ही गाभ्याजवळ, रोप कोवळे असतानाची. तेव्हा कोणते मृग कोरडे गेले होते, हे सांगायला वडील आता नाहीत.