प्राइमर चढेपर्यंत

ब्लास्टिंग करून आणलेली चासी पाहिली की नवख्याला वाटतं, अर्धं काम झालं. जुना रंग गेला, गंज गेला, खाली निघालं ते स्वच्छ राखाडी लोखंड, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत. खोपोलीतल्या एका रंगाऱ्याच्या शेडमध्ये अशीच एक जुन्या बुलेटची चासी छताच्या अँगलला तारेने टांगलेली होती. गाडीचा मालक कौतुकाने तिच्यावरून हात फिरवायला गेला, तसे मिस्त्री आतून ओरडले, "हात नका लावू दादा, उद्या तुमचा पंजा उठेल तिथं!"

पंजा खरोखरच उठतो. तळहाताच्या घामात मीठ असतं, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उघड्या लोखंडावर बोटांच्या खुणा तांबूस होऊन वर येतात. गाडीच्या उभ्या आयुष्यात चासी सर्वांत असहाय असते ती या काही तासांत. जुना, पोपडे सुटलेला रंगसुद्धा तिला थोडाफार झाकत होता. आता तिच्यावर काहीच नाही, आणि ब्लास्टिंगने पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे हवेला भिडणारं क्षेत्र उलट वाढलेलं आहे.

गंजाला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. त्यासाठी पाऊसच पडायला हवा असं नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर धरू लागतो, आणि तेवढा पुरतो. कर्जत-खालापूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला राजमाची आणि खंडाळ्याचा घाट, मधल्या खोलगट भागात ढग येऊन अडतात. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. अलिबाग-मुरूडची खारी हवा इथवर फारशी पोचत नाही म्हणून इथले लोक निर्धास्त असतात, पण मीठ इथे दुसऱ्या वाटेने येतं. लावणीच्या दिवसांत मोटारसायकलच्या कॅरिअरवर खताची गोणी असते. गोणीतलं पोटॅश म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराईड, समुद्राच्या मिठाचाच भाऊबंद. गोणी फाटून गळालेलं खत सीटखालच्या नळीवर बसतं, त्यावर भातखाचरातला चिखल बसतो, आणि तो लगदा पार दिवाळीपर्यंत ओलाच राहतो.

म्हणूनच चासीचं काम आगोटीच्या कामांत धरायला हवं. होळीपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. मे संपता संपता हवा कोंदट होते, आणि मृग लागल्यावर तर घराबाहेर उघडं लोखंड ठेवणंच चुकीचं. रंगकामाचा जगभर मानलेला नियम असा, की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. जुलैत इथे हा नियम पाळायला दिवसच मिळत नाहीत. मिस्त्रींकडे आर्द्रता मोजायचं यंत्र नाही. ते कंप्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडतात. एप्रिलच्या दुपारी तिच्यातून नुसती हवा फुसकन बाहेर पडते. दमट दिवशी वाटीभर तपकिरी पाणी येतं. पाणी आलं की फवारणी बंद. तेच पाणी स्प्रे गनमधून रंगाबरोबर लोखंडावर जाणार आणि रंगाखाली कायमचं कोंडलं जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला ही पारख फार मोलाची वाटते.

चासी नेमकी कुठे खाल्ली गेली आहे, हे मात्र ब्लास्टिंगआधी शोधावं लागतं. मिस्त्री लहान हातोडीने नळी ठोकत जातात. चांगली नळी खणखणते, आतून खाल्लेली बद्द बोलते. पहिली ठोक बॅटरीच्या ट्रेखाली. जुन्या बॅटरीतून गंधकाम्लाची वाफ आणि थेंब बाहेर येत, आणि ट्रेखालचं लोखंड तेवढ्यापुरतंच पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेलं सापडतं. मग स्विंग आर्मचा सांधा, मग मेन स्टँडच्या कानांची आतली बाजू, मग वेल्डिंगच्या गाठी, जिथे ब्रश नीट पोचत नाही आणि पाणी बरोबर पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंगाचा फुगा दिसला की खालचं लोखंड बरंच खर्ची पडलेलं असतं. असा फुगा नुसता घासून वर लांबी भरणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही. वजन पेलणाऱ्या नळीला लांबीने बळ येत नाही. तिथे कापून नवा तुकडाच जोडावा लागतो.

ब्लास्टिंगला पाठवण्याआधी स्टिअरिंगच्या मानेजवळ कोरलेल्या चासी नंबरवर जाड टेपचे चार-पाच थर चढतात. नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडी स्वतःची आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. बेअरिंगच्या वाट्या बसतात ती जागा आणि आटे यांनाही असंच झाकतात. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. नदीच्या कोरड्या वाळूने ब्लास्टिंग करणारे अजूनही आहेत, आणि त्या धुळीतल्या सिलिकाने माणसाची फुप्फुसं कायमची निकामी होतात. तोंडाला गमछा बांधून ती धूळ अडत नाही. स्टीलचे कण किंवा तांब्याच्या मळीचे दाणे वापरणारा थोडा महाग पडतो, तरी काम त्यालाच द्यावं.

ब्लास्टिंगहून चासी आली की त्याच दिवशी प्राइमर. चार तासांच्या आत, असं मिस्त्री म्हणतात. आधी कोरड्या हवेने धूळ उडवायची, मग थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, तेही हातमोजे घालून. स्वस्तातला नेहमीचा रेड ऑक्साईड फाटकाला आणि ग्रिलला ठीक आहे, पण त्याच्या थरातून ओलावा हळूहळू आत झिरपतो. चासीला दोन डब्यांचा, हार्डनर घालून वापरायचा इपॉक्सी प्राइमर हवा. तो लोखंडाला घट्ट धरतो आणि पाण्याला सहजी वाट देत नाही. ब्लास्टिंगची कणी जिथे पोचलीच नाही, त्या कोपऱ्यात आधी गंज पालटणारं द्रावण लावतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा, पक्का थर तयार होतो. भीमाशंकरच्या रानातून गोळा होणाऱ्या हिरड्यातही हेच टॅनिन असतं, आणि हिरडा व लोखंड यांच्या मेळातून काळी शाई करण्याची रीत जुनी आहे.

जस्ताचा विचार इथे कुणाच्याही मनात यावा, कारण खोपोलीजवळ उत्तम गॅल्व्हा या नावाने ओळखल्या गेलेल्या कारखान्यातून जस्त चढवलेला पत्रा बाहेर पडत आला आहे. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखडा पडला तरी खालचं लोखंड वाचतं. पण चासी वितळलेल्या जस्तात बुडवायची म्हणजे सुमारे ४५० अंशांची आच. पातळ नळ्या वाकण्याची भीती, आणि बंद नळीला वाट ठेवली नाही तर आतला ओलावा स्फोटासारखा फुटतो. पावडर कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या आसपास थांबते. ते दिसतंही देखणं. दगड लागून टवका उडाला, की मात्र पाणी त्या जाड थराखाली शिरून लांबवर पसरतं आणि वरून काही कळत नाही. खाली इपॉक्सी असेल तरच पावडर करावी, असं माझं मत झालं आहे.

मुंबई-पुण्याहून कर्जतच्या फार्महाऊसवर येणाऱ्या तरुणांना हल्ली उघड्या पोलादाचीच चासी हवी असते; रंग नको, वेल्डिंगचे निळे-जांभळे डाग दिसायला हवेत, वर फक्त पारदर्शक लॅकर. शोरूममध्ये ते सुंदरच दिसतं. इथल्या हवेत पहिला टवका उडाल्यावर लॅकरखाली बारीक, वळणावळणाच्या तांबूस रेषा चालू लागतात. त्या पुसता येत नाहीत, कारण त्या थराच्या आत असतात. ज्याला हा दिसण्याचा हट्ट सोडवत नाही, त्याने लॅकर न मारता मेणाचा हात द्यावा, पावसाळ्यात तो दर आठवड्याला द्यावा, आणि गाडी छपराखाली ठेवावी. मेण निदान पुसून पुन्हा लावता येतं.

राहिली नळीची आतली बाजू. तिथे स्प्रे गन पोचत नाही. मिस्त्री आत अळशीचं उकळलेलं तेल ओततात, चासी सगळ्या बाजूंनी उलटीपालटी करतात, जास्तीचं तेल निथळू देतात. हे तेल हवेत सुकून आतून चिवट पापुद्रा धरतं. पोलादी नळ्यांच्या विमानांतही हा उपाय वापरला गेला आहे. गॅरेजमध्ये बरेचदा इंजिनचं काढलेलं काळं ऑइल ओततात. त्यात आम्ल साठलेलं असतं, ते टाळावं. नळीच्या तळाला पाणी निघायचं भोक असेल तर ते रंगाने बुजलेलं नाही ना, हे तारेने तपासून घ्यावं.

जोडणीच्या वेळी एक जागा मुद्दाम पुन्हा उघडी करावी लागते. वायरिंगचं अर्थिंग जिथे चासीला बसतं तिथला रंग खरवडावा लागतो, नाहीतर लाइट मिणमिणतात. बोल्ट घट्ट आवळून मिस्त्री त्यावर बोटभर ग्रीस थापतात आणि मालकाला सांगतात, "ऑगस्टात एकदा या. चिखल धुऊन हे ग्रीस बघू."