बाळंतपणाला माहेरी

माघ महिन्यातली सकाळ होती. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाकाठी मी दुर्बीण घेऊन बसलो होतो. हरभऱ्याच्या कडेला वीसएक पट्टकदंब चरत होते. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस. शेताचे मालक शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "खायला हाय, पाणी हाय. मंग उन्हाळ्यात जात्यात कशाला?"

प्रश्न मुद्द्याचा होता. मी म्हटलं, "बाबा, बाळंतपणाला माहेरी जातात."

हे माहेर म्हणजे तिबेट, मंगोलिया, चीनमधलं छिंघाई सरोवर आणि आपल्या लडाखमधलं त्सो मोरिरी. हिवाळ्यात तिथलं पाणी गोठतं, गवत बर्फाखाली जातं. थंडीपेक्षा उपासमारच त्यांना आपल्याकडे ढकलते. वसंतात मात्र तिथं कोवळं गवत फुटतं, दिवस मोठा म्हणून चरायला वेळ मिळतो आणि बेटावरच्या घरट्यापर्यंत कोल्हा सहसा पोचत नाही.

पण ही सुबत्ता थोड्या दिवसांची. मादी साधारण चार ते सहा अंडी घालते आणि जवळजवळ महिनाभर उबवते. पिल्लं लगेच चालू-पोहू लागतात, स्वतः चरतात. उडायला मात्र दोनेक महिने लागतात. त्याच काळात आईबापांची उड्डाणाची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. हे सारं पुन्हा बर्फ पडण्याआधी उरकायचं. जायला उशीर झाला, तर ते वर्ष वाया जाण्याचा धोका.

वाटेत हिमालय आहे. पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात एक पट्टकदंब 7,290 मीटर उंचीवर नोंदला गेला. एरवी ते डोंगराच्या चढउतारासोबत वरखाली होत उडतात, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, कारण गार हवा दाट असते. त्यांचं रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला धरून ठेवतं. तरी इंधन लागतंच, आणि ते म्हणजे निघण्यापूर्वी अंगावर साठवलेली चरबी.

एवढ्यात फोटोसाठी एक होडी अगदी जवळ आली. सगळा थवा उडाला, लांब जाऊन बसला. होडी पुन्हा मागे. तासाभरात तीनदा हेच. प्रत्येक वेळी चरणं थांबलं आणि साठवण खर्ची पडली. थव्यात गेल्या उन्हाळ्यातली पिल्लंही होती. परतीची वाट ती आईबापांसोबत उडूनच शिकतात. मोठे दमले, तर वाट दाखवणार कोण?

बाबा होडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या हरभऱ्यावर हिमालय चढत्यात म्हणा की! खाऊ द्या चार घाटे. पर त्या होडीवाल्याला सांगा, माहेरवाशिणीला असं दमवू नये."

मी जाऊन सांगितलं. तुम्हीही कुठं दिसलं तर सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)