शाळेचे वर्ष आणि पत्र्याची खोली

गोव्यात नवी इमारत उठायची असली की तिच्याआधी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग उठते. तिच्यात राहणारी पुष्कळ कुटुंबे उत्तर कर्नाटकातली असतात. कमठाणा व आसपासचा बिदर-कलबुर्गीचा पट्टा हा पावसाच्या भरवशावर जगणारा मुलूख. तुरीची रास झाली की भूमिहीनाच्या हाताला काम उरत नाही. मग बायकामुलांसह किनाऱ्याची वाट धरावी लागते. त्या सीमाभागात कन्नडइतकीच मराठीही कानांवर पडलेली असते, त्यामुळे मुले आपल्या मराठी प्राथमिक शाळेत लवकर रुळतात. काही शाळांचा पट तर याच मुलांमुळे टिकला आहे, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

बांधकाम मजुरांसाठी 1996 साली झालेल्या कायद्याने मालकावर मजुरांना विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी टाकली. त्याच कलमात पुढे असेही होते, की काम संपताच मालकाने तो निवारा स्वखर्चाने पाडून जमीन पूर्ववत करावी. जमिनीच्या दृष्टीने हे रास्तच; पण त्या खोलीत चौथीतला मुलगा राहत असतो, याचा विचार कलम लिहिणाऱ्याला सुचला नसावा. इमारतीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकाच दिवशी संपत नाही. परीक्षा दोन महिन्यांवर असताना पत्रे उतरतात आणि कुटुंब दुसऱ्या तालुक्यात जाते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखल्याअभावी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. प्रवेश मिळतो, बुडालेले महिने मिळत नाहीत.

ही दोन-तीन महिन्यांची फट समाजाने बुजवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात वसतिगृहांना आरंभ केला. 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परंतु वसतिगृहात मुलगा एकटा जातो. सात वर्षांच्या पोराला आईपासून तोडून शिकवण्यात शहाणपणा नाही. येथे छप्पर हवे ते कुटुंबाला.

ते आपल्यापाशी आहे. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा वाटसरू भाविकांसाठीच बांधल्या गेल्या. जत्रा आणि लग्नसराई सोडल्यास त्यांतील सर्वच खोल्या काही भरलेल्या नसतात. सोवळ्याओवळ्याची, खाण्यापिण्याची अडचण पुढे केली जाईल. ती खरी मानली, तरी पटाअभावी बंद पडलेल्या सरकारी शाळांच्या इमारती गावोगाव आहेत. त्यांना तर कोणाचे सोवळे नाही!

‘परक्यांचे लाड कशाला?’ असा प्रश्न येणारच. मतदारयाद्यांवरून चाललेला वाद आम्हांस ठाऊक आहे आणि त्यातली भीती सगळीच खोटी आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण परीक्षेपुरती दिलेली खोली म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे. मुदत लेखी ठरवावी, पंचायतीने नोंद ठेवावी, विजेपाण्याचा खर्च कंत्राटदाराकडून घ्यावा. पत्रे उतरवण्यापूर्वी महिनाभर आधी त्याने मुख्याध्यापकांना कळवावे, अशी अट पंचायतीला बांधकाम परवान्याच्या वेळीच घालता येईल का, हेही तपासावे.

महाजनांच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणीतरी एकाने लेखी मांडावा. खोल्या दोन असल्या तरी चालतील.