पाचटाची होळी

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस पिकतो. तोडणी उरकताच फडातील पाचट पेटविण्याची रीत राज्यातील अन्य ऊसपट्ट्यांप्रमाणे तेथेही आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचटात सुमारे ४० ते ५० किलो नत्र असते. ते बहुतांशी धुरावाटे जाते. न दिसणारी हानी याहून मोठी. वरच्या थरातील जिवाणू व बुरशी होरपळतात आणि उरलेल्यांचे अन्न असलेला सेंद्रिय कर्बही जळतो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे! खोडव्याला पाणी द्यावयाचे असते, मजूर मिळत नाहीत. आगकाडीच स्वस्त पडते. पाचट बारीक करून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकल्यास सरीतच खत तयार होते. कुट्टीची यंत्रे मात्र कारखान्यांनी भाड्याने पुरवावीत, आणि तीही खोडव्याचे पहिले पाणी सुटण्यापूर्वी.