रात्री ठणकणारी पाठ

पाठ दुखते म्हटलं की घरात उत्तरं तयारच असतात. दप्तर जड आहे, वाकून फोन बघतोस, खेळताना लचक भरली असेल. बहुतेक वेळा ती बरोबरही असतात. अशी पाठ रात्री आडवं झालं की शांत होते. पण तुमची पाठ उलट वागली तर? दिवसा कमी दुखते आणि रात्री ठणकून झोपेतून उठवते, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर?

अशा दुखण्यामागे कधीकधी मणक्यातली एक गाठ असते. तिचं नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री जॅफी यांनी १९३५ साली तिचं वर्णन केलं. ती हाडात होते, बहुधा वयाच्या १० ते २५ वर्षांत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात जास्त, मणक्यात क्वचित. घाबरू नका, हा कॅन्सर नाही आणि ती शरीरात पसरत नाही. असते जेमतेम वाटाण्याएवढी.

मग एवढीशी गाठ इतकी का दुखते? तिच्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन भरपूर तयार होतं. त्यानेच सूज येते आणि ठणका लागतो. आयबुप्रोफेनची गोळी हे रसायन तयार होऊ देत नाही, म्हणून दुखणं पटकन थांबतं. डॉक्टरांसाठी ही मोठी खूण आहे. (म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊन बघायचं नाही हं!)

दुसरी खूण म्हणजे कणा एका बाजूला वाकतो. गाठीच्या बाजूचे स्नायू आखडतात आणि पाठ तिकडे ओढली जाते. या वयात काहींचा कणा एरवीही वाकतो, पण तो सहसा फारसा दुखत नाही. वाकलेला आणि दुखणारा कणा दिसला की कारण शोधायलाच हवं.

शोधणं मात्र सोपं नाही. एक्स-रेमध्ये मणक्याचे भाग एकमेकांवर येतात आणि गाठ लपते. एमआरआयमध्ये सूज इतकी दिसते की भलताच आजार वाटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये मात्र मणक्याचे पातळ काप केल्यासारखी चित्रं मिळतात. त्यात एक छोटा गोल काळा ठिपका आणि भोवती पांढरं, घट्ट हाड दिसतं.

काही जणांचं गोळ्यांवर भागतं, कारण काही वर्षांनी गाठ आपोआप शांत होऊ शकते. पण इतकी वर्षं गोळ्या घेणं पोटाला आणि मूत्रपिंडांना मानवत नाही. म्हणून बऱ्याचदा सीटी स्कॅनमध्ये बघत बघत गाठीत सुई घालतात. सुईचं टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटांत गाठ जाळतात. मोठी चीर लागत नाही. पण मज्जारज्जू अगदी शेजारी असेल, तर त्या उष्णतेने त्याला इजा होऊ शकते. तिथे शस्त्रक्रिया करून गाठ काढणंच बरं. गाठ लवकर निघाली, तर वाकलेला कणा बऱ्याचदा आपोआप सरळ होतो. फार उशीर झाला तर बाक तसाच राहू शकतो.

तेव्हा घरी नुसतं “पाठ दुखते” म्हणू नका. कधीपासून, रात्री किती वेळा जाग येते, गोळीने थांबतं का, हे सगळं सांगा. आणि पायात ताकद वाटेना, पाय बधिर झाले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सकाळची वाट न बघता आई-बाबांना उठवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.