भत्त्यातला भात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. धानाची बांधी पाहायची तर पूर्वेला मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे जावं लागतं. पण इथल्या सिमेंट कारखान्यांत, आवारपूरला म्हणा की उपरवाहीला, कामाला असलेल्या माणसाच्या पगारपत्रकावर भात असतोच. 'महागाई भत्ता' या रकान्यात तो लपलेला आहे. नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण भत्ता हा शब्द खरंच भाताच्या घरातला आहे आणि मधल्या काळात तो इंग्रजांच्या देशी फिरून आला आहे.

संस्कृतात 'भज्' म्हणजे वाटून देणं. वाटून दिलेलं ते 'भक्त', म्हणजे अन्नाचा वाटा. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं, मराठीत 'भात'. भाग, विभाग, भाग्य ही याच धातूची लेकरं. देवाचा भक्तही त्यातलाच. लांबचे नातेवाईक आणखी गमतीचे आहेत. फारसीतून आलेलं 'बक्षीस' याच मुळाचं. ग्रीकमध्ये याच मुळापासून 'खाणं' या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यावरून फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये जिवाणूंना फस्त करणाऱ्या विषाणूंना 'बॅक्टेरिओफेज' हे नाव दिलं. म्हणजे प्रयोगशाळेतला फेज आणि ताटातला भात एकाच कुळातले!

आपल्याकडे शेतात उभं असतं ते धान आणि ताटात पडतो तो भात. कोकणात आणि गोव्यात मात्र शेतातही भातच. कानडीत सालासकट तांदळाला 'भत्त' म्हणतात. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर हा शब्द उचलला. शिध्याऐवजी रोख पैसे द्यायचे, तर त्या पैशांनाही धान्याचंच नाव राहिलं. पुढे इंग्रजांनी 'बट्टा' असं लिहायला सुरुवात केली आणि घोटाळा झाला, कारण नाणं वटवताना कापला जाणारा आपला बट्टा त्याच अक्षरांत लिहिला जाऊ लागला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ही गाठ सोडवायची धडपड दिसते. एकाच नोंदीत दोन वेगळे शब्द अडकले आहेत, हे त्यांनी ओळखलं. भत्त्याचं मूळ शोधताना त्यांनी नांगऱ्याला धान्याच्या रूपात मिळणाऱ्या मजुरीचे हिंदी शब्दही तपासले आणि कानडी भाताकडे कौल दिला.

नांगऱ्याची ही धान्यातली मजुरी विदर्भाला नवी नाही. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा रोख रकमेबरोबर ज्वारी किंवा गहू किती, हेही ठरतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीवरच्या अधिकाऱ्याला दिलेल्या सूचनांत हाच करार आहे: राखणदार, गुराखी, दास, मजूर यांना माणसं पाहून 'भक्त' द्यावं आणि वर महिन्याला सव्वा पण. जेवण मुख्य, नाणं वरचं. आज भत्ता म्हणजे पगाराच्या वरचं काहीतरी. अर्थशास्त्रात नेमकं उलटं होतं.

त्याच ग्रंथात एका पुरुषाच्या जेवणाचं मापही दिलं आहे. एक प्रस्थ न तुटलेले तांदूळ, त्याच्या चौथा हिस्सा वरण, वरणाच्या सोळावा हिस्सा मीठ, चौथा हिस्सा तूप किंवा तेल. खालच्या माणसांना वरण सहावा हिस्सा आणि तूप-तेल निम्मं. बायकांना पाऊण, मुलांना अर्धं. हे पाऊण आणि अर्धं लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहेत.

कंपनी सरकारच्या फौजेत भत्ता हा शब्द चांगलाच धष्टपुष्ट झाला. मुळात भत्ता मोहिमेवर असतानाच्या खाण्यापिण्याचा होता. प्लासीच्या लढाईनंतर बंगालचा नवाब मीर जाफरनं गोऱ्या अधिकाऱ्यांना दुहेरी भत्ता दिला आणि त्याची चटक लागली. क्लाइव्हनं १ जानेवारी १७६६ पासून तो बंद केला, तेव्हा बंगालमधल्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी राजीनामे देण्याचा कट रचला. क्लाइव्हनं तो मोडला. मुंगेरच्या तुकडीचा प्रमुख सर रॉबर्ट फ्लेचर त्यात सापडला, बडतर्फ झाला आणि काही वर्षांतच मद्रासचा सरसेनापती होऊन परतला. १८२८ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकनं काही छावण्यांत भत्ता अर्ध्यावर आणला, त्याचा राग अधिकाऱ्यांनी आयुष्यभर धरला. देशी शिपायांनी मात्र १८४४ मध्ये जादा भत्त्याशिवाय सिंधला जायला नकार दिला, तर बंगालची ३४ वी पलटणच मोडून टाकण्यात आली. भत्ता एकच, पण मागणारा कोण यावर सगळं अवलंबून.

इथवर भत्ता किती असावा याचं उत्तर रिवाज देत होता किंवा जोर. शरीराला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. ती वेळ दुष्काळानं आणली. सर रिचर्ड टेंपल हे १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते, म्हणजे त्या वेळचा चांदा, आजचा चंद्रपूर जिल्हा त्यांच्याच अखत्यारीत होता. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या दुष्काळात खर्च आवरायला त्यांना पाठवलं गेलं. त्यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख पुरे, असं ठरवलं. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. तांदूळ धरले तर आजच्या हिशेबानं जेमतेम १६०० कॅलरी, आणि काम खडी फोडण्याचं. मद्रासचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी या मापावर उघड हल्ला चढवला आणि तिथं शिधा थोडा वाढवावा लागला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामंच सोडली, त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेनं मांडली. अन्नातली ऊर्जा मोजून तक्ते करणारं अॅटवॉटर यांचं काम अजून व्हायचं होतं. कॉर्निश भांडत होते ते तुरुंगातल्या शिध्याचे आकडे आणि डोळ्यांसमोरचे सांगाडे यांच्या बळावर.

आकडे आले ते निलगिरीतल्या कुन्नूरहून. तिथल्या पोषण प्रयोगशाळेचे १९३५ पासूनचे संचालक वॉलेस अॅक्रॉइड यांनी भारतीय आहाराचे तक्ते केले. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं सूत्र ठरवलं, ते त्यांच्याच आहारमापावर. कामगाराच्या घरात तीन 'उपभोग एकक' धरायचे, प्रत्येकाला पुरेल असं अन्न, वर्षाला घरटी ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन वगैरेसाठी एकूण खर्चाच्या वीस टक्के. एककाला २७०० कॅलरी हा आकडा पुढे रूढ झाला.

घरात माणसं चार आणि एकक तीन कसे? पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज बरोबर ३. आता कौटिल्याचं घर मोजू: १, पाऊण, अर्धं, अर्धं, म्हणजे पावणेतीन. दोन हजार वर्षांनी आणि इतक्या उष्मांकमापकांनंतर चौघांच्या घराची बढती पाव एककाची.

बाईचा आकडा कमी, कारण सरासरी वजन कमी आणि स्वस्थ बसलेल्या शरीरालाही लागणारी ऊर्जा कमी. यात चूक काही नाही. चूक होते ती कामाचा रकाना गाळल्यानं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१० च्या तक्त्यात मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७३० कॅलरी आहेत आणि जड कष्टाच्या बाईला २८५०. म्हणजे दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी आणि घरी जाऊन पाणी भरणारी बाई ०.८ नाही, एकाहूनही जास्त आहे. सूत्र ठरवताना बाई घरात बसलेली धरली होती. चंद्रपूर-गडचिरोलीत अशी बाई शोधायला बराच फेरफटका मारावा लागेल.

रेशन हा भत्त्याचा इंग्रजी चुलतभाऊ, लॅटिनमधल्या 'हिशेब' या शब्दातून फ्रेंचमार्गे आलेला. अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. रोजचे १६५ ग्रॅम, सहाशेपेक्षा थोड्या कमी कॅलरी. हिशेब म्हणून हा शब्द अगदी चपखल आहे. जाता जाता एक: इंग्लंडात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याचा लष्करी उच्चार 'रॅशन' बोकाळला आणि जुना 'रेशन' मागे पडला. तो जुना उच्चार मराठीनं अजून जपला आहे.

दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा सरकारनं कमी पगाराच्या नोकरांना जे दिलं त्याचं नावच 'डिअर फूड अलाउन्स', महाग अन्नाचा भत्ता. त्यातलं अन्न पुढे गळालं, महागाई राहिली. आता हा भत्ता बहुतेक ठिकाणी औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. सिमल्याचं श्रम ब्युरो तो काढतं. काल्पनिक टोपलीत धान्य, डाळ, भाडं, औषध, मोबाइल यांना भार दिलेले असतात. २००१ च्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार ४६.२ टक्के होता, २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ झाला. उत्पन्न वाढतं तसा जेवणावरच्या खर्चाचा वाटा घटतो, हा एर्न्स्ट एंगेल यांचा १८५७ चा नियम, त्यामुळे हे अनपेक्षित नाही. पण ज्याचा पगार अजून निम्म्याहून जास्त किराण्यात जातो, त्याच्या घरात तुरीची डाळ महागली की ती सगळी महागते. निर्देशांक तेवढा हलत नाही.

राजुरा-गडचांदूरचा हा पट्टा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात होता. आजही इथून गाडी करून हैदराबादला गेलं की तिकडच्या बिलात किलोमीटर, टोल यांच्याखाली एक ओळ दिसते: 'ड्रायव्हर बाटा'. चपलांशी संबंध नाही. तो आपला भत्ताच, चालकाच्या दोन वेळच्या जेवणाचा. पुष्कळ चालक तो खिशात ठेवतात आणि घरून बांधून आणलेला डबा गाडीच्या सावलीत उघडतात.