साचा नुसता आकार देत नाही

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बिडाचा तवा असेल. पत्र्याचा तवा हातातून निसटला तर त्याला पोचा येतो. बिडाचा निसटला तर त्याचे तुकडे होतात. असा तुकडा टाकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावा. मोडलेली बाजू करडी, मळकट दिसेल. पण एखाद्या तुकड्याच्या अगदी पातळ कडेला चांदीसारखी पांढरी, चकाकणारी रेघ सापडते. भट्टी एक, लॅडल एक, ओतणारा हातही एक. मग एकाच तव्यात दोन जातींचे लोखंड आले कोठून?

बिडामध्ये साधारणपणे 3 ते 3.5 टक्के कार्बन आणि 2 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. रस पातळ असेतो कार्बन त्यात विरघळलेला असतो, साखर चहात विरघळते तसा. रस गोठू लागला की त्याला जागा शोधावी लागते. सवड मिळाली तर तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. हे तेच ग्राफाइट, जे आपल्या शिसपेन्सिलीत असते. सवड मिळाली नाही तर तो लोखंडाशीच संयोग पावून सिमेंटाइट नावाचा अतिशय कठीण पदार्थ बनवतो. पहिले करडे बीड, दुसरे पांढरे. करडे बीड कापता येते, यंत्राचे हादरे पचवते, दाबाला चांगले टिकते. मात्र ओढले असता त्यातला प्रत्येक पापुद्रा आतल्या चिरेसारखा वागतो, म्हणून ताणाला ते दुबळे. पांढऱ्या बिडावर साधे हत्यार चालत नाही आणि ते काचेसारखे फुटते.

ही सवड कोण देतो? रसाची घडण आणि कामाची जाडी ह्यांचा त्यात वाटा आहेच; पण तिसरा वाटेकरी आहे साचा, आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. वाळू उष्णता सावकाश ओढते, लोखंडी साचा झपाट्याने ओढतो. हा गुण जाणूनबुजून वापरतातही. मोटारीच्या कॅमशाफ्टचे घासणारे उंचवटे कठीण हवेत आणि दांडा तेवढा कठीण नको, म्हणून वाळूच्या साच्यात नेमक्या त्या जागी लोखंडाचे ठोकळे बसवतात. त्यांना ‘चिल’ म्हणतात. ओतण्यापूर्वी जाणता कारागीर पाचरीच्या आकाराचा लहान तुकडा ओतून, मोडून पाहतो. टोकाशी पांढरे किती आत गेले त्यावरून रस कसा वागेल ते त्याला कळते. मी ही परीक्षा प्रथम पाहिली तेव्हा मला नाडीपरीक्षेची आठवण झाली होती.

आता वाळूकडे येऊ. आपल्याकडच्या ओतशाळांना सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू आणि कच्छची बेंटोनाइट माती परिचयाची आहे. वाळूचे कण ह्या मातीने बांधायचे, तिला चेतवण्यास 3-4 टक्के पाणी घालायचे आणि वर थोडी कोळशाची भुकटी. भुकटी कशासाठी? रस शिरताच ती जळते, तिच्या वायूने हवेतला प्राणवायू हटतो, वाळूच्या कणांवर कार्बनचा पातळ लेप बसतो आणि बीड वाळूला चिकटत नाही. प्रत्येक जिन्नस आपापले काम करतो, आणि प्रमाण चुकले की प्रत्येक जण आपापली खोड काढतो.

ही विद्या मला शाळेत मिळालेली नाही. एका पावसाळ्यात कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत (तिचे नाव येथे सांगत नाही) नापास कामांची संख्या एकाएकी वाढली आणि व्यवस्थापनाने साचे भरणाऱ्या कामगारांच्या पगारातून त्याची रक्कम वजा करण्यास सुरुवात केली. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द नोटिशीत होता. मी युनियनतर्फे बोलणी करायला गेलो खरा, पण निष्काळजीपणा नाही एवढे ओरडण्यापलीकडे माझ्यापाशी काही नव्हते. एका म्हाताऱ्या मोल्डरने मला ढिगाशी नेले, मूठभर वाळू दाबली आणि माझ्या हातावर ठेवली. “भाऊ, हात त्योच हाय. वाळू बदललीया,” एवढेच तो म्हणाला. तळहात ओला झाला.

मग पुस्तके उघडली. तापलेले बीड पाण्याशी भिडले की पाण्यातला प्राणवायू धातू घेतो आणि सुटलेला हायड्रोजन रसात शिरतो. गोठताना तो बाहेर पडू पाहतो आणि कातडीच्या लगेच खाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. भंगारातून थोडे ॲल्युमिनियम आले असेल तर हा विकार बळावतो. शिवाय ओल्या साच्यात पातळ कडा पांढरी पडण्याचा धोकाही वाढतो. महत्त्वाचे म्हणजे ही छिद्रे वरून दिसतच नाहीत. साचा फोडला तेव्हा काम निर्दोष दिसते. लेथवर वरचा थर उतरला की दोष उघडा पडतो. ज्याने साचा भरला त्याला ती दिसणे शक्यच नव्हते.

पुढच्या बैठकीत आम्ही एकच मागितले: गेल्या दोन महिन्यांचे वाळूच्या ओलाव्याचे आकडे. आकडे नव्हते. ओलावा मोजण्याचे यंत्र होते, परंतु कपाटात. गळक्या छपराखाली भिजलेल्या वाळूत मळणीच्या वेळी उन्हाळ्याइतकेच पाणी पडत होते. छिद्रांबद्दलची वजावट थांबली. इतर दोषांची थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. आणि काही दोष खरोखरच हाताचेही असतात.

उदाहरणार्थ, वाळू ठोकण्यातला कमीजास्तपणा. बीड गोठताना ग्राफाइट वेगळे होते आणि ग्राफाइट जागा अधिक व्यापते, म्हणून रस त्या क्षणी फुगू पाहतो. साच्याची भिंत टणक असेल तर ही फुगवण आतली पोकळी भरून काढते. भिंत मऊ असेल तर ती मागे सरते, काम बाहेरून किंचित मोठे होते आणि पोटात पोकळ राहते. तेव्हा ‘एफजी 200’ असा शिक्का पाहून निर्धास्त राहू नये. हा आकडा म्हणजे वेगळ्या ओतलेल्या 30 मिलिमीटर व्यासाच्या नमुना-दांड्याची ताकद: दर चौरस मिलिमीटरला 200 न्यूटन. दांडा पास झाला म्हणजे काम पास झाले असे नव्हे.

मातीऐवजी रेझिनने बांधलेल्या साच्यांची गोष्ट आणखी निराळी. 1948 साली जगापुढे आलेल्या एस. जी. बिडात मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे पापुद्रे न बनवता गोळ्या बनवतात. चिरा नाहीशा झाल्यामुळे हे बीड न फुटता वाकू शकते. पण फ्युरान रेझिन आवळण्यासाठी पुष्कळदा गंधकयुक्त आम्ल वापरतात. साच्यातले गंधक कातडीजवळचे मॅग्नेशियम खाऊन टाकते आणि तेवढ्या थरात पुन्हा पापुद्रे येतात. वाळू पुनःपुन्हा वापरली तर हे गंधक साचत जाते. तो थर लेथवर उतरणार असेल तर बिघडत नाही. तसाच राहिला आणि त्या जागी उलटसुलट भार पडत राहिला, तर भेग तेथूनच सुरू होते.

वाळूचा एक परिणाम मात्र कोणत्याही नमुना-दांड्यावर उमटत नाही. साचा फोडताना, काम घासताना सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. साच्याचे दोन भाग चिकटू नयेत म्हणून भुरभुरण्याच्या पुडीत सिलिका वापरण्यावर ब्रिटनने 1950 साली नियम करून बंदी घातली. ऑलिव्हिन नावाच्या खनिजाची वाळूही साच्याला चालते आणि तिच्यात सुटी सिलिका जवळजवळ नसते, पण ती महाग पडते.

मघाशी सांगितलेल्या ओतशाळेत आता ओलाव्याचा आकडा रोज सकाळी फळ्यावर लागतो. त्याच्या शेजारी धुळीच्या आकड्यासाठी एक रकाना आम्ही मागून घेतला आहे. रकाना आखून झाला आहे. आकडा अजून लिहिला गेलेला नाही.